व्याप्तीवाढ (प्रकल्प व्यवस्थापन)

व्याप्तीवाढ म्हणजे प्रकल्पाचे काम सुरू झाल्यानंतर त्याच्या मान्य व्याप्तीत होत जाणारी अनियंत्रित भर होय. ही भर पडत असताना मुदत, खर्च आणि मनुष्यबळ यांचा फेरविचार केला जात नाही, हे तिचे मुख्य लक्षण आहे. इंग्रजीतील ‘स्कोप क्रीप’ या संज्ञेसाठी मराठीत हा शब्द वापरला जातो. मूळ संज्ञेत रांगत, नकळत पुढे सरकण्याचा अर्थ आहे. अशी वाढ सहसा एका मोठ्या निर्णयाने होत नाही. वेगवेगळ्या हितधारकांच्या लहान लहान मागण्या एकेक करून मान्य होतात आणि त्यांची बेरीज कोणीच केलेली नसते.

बांधकाम, पाटबंधारे, संगणक प्रणाली, संरक्षण सामग्री, संशोधन अशा सर्व क्षेत्रांतील प्रकल्पांत व्याप्तीवाढ आढळते. मुदत लांबणे, खर्च वाढणे, कामाचा दर्जा घसरणे आणि कंत्राटदार व मालक यांच्यात वाद होणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत.

संज्ञा

प्रकल्प व्यवस्थापनात व्याप्ती दोन प्रकारची मानतात. तयार होणाऱ्या वस्तूत किंवा सेवेत कोणते गुणधर्म असावेत, ही उत्पादनाची व्याप्ती होय. ते उत्पादन तयार करण्यासाठी कोणकोणती कामे करावी लागतील, ही प्रकल्पाची व्याप्ती होय. उत्पादनात एक लहानसा गुणधर्म वाढला, तरी प्रकल्पाच्या व्याप्तीत संकल्पन, चाचणी, प्रशिक्षण आणि देखभाल अशी अनेक कामे वाढू शकतात.

व्याप्ती, मुदत आणि खर्च यांच्या मान्य झालेल्या संचाला आधाररेखा म्हणतात. पुढील सर्व बदल या आधाररेखेच्या तुलनेत मोजले जातात. व्याप्तीवाढीशी मिळत्याजुळत्या पुढील संज्ञा तिच्याहून वेगळ्या आहेत :

- व्याप्तीबदल : विचारपूर्वक मान्य केलेला आणि मुदत-खर्चात नोंदलेला बदल. तो मोठा असला, तरी तो व्याप्तीवाढ ठरत नाही.
- मुलामा देणे (गोल्ड प्लेटिंग) : कोणी मागणी केलेली नसताना काम करणाऱ्यांनी स्वतःहून घातलेली भर.
- खर्चवाढ : महागाई, व्याज, भूसंपादनाचे वाढलेले दर किंवा चुकीचे मूळ अंदाजपत्रक यांमुळे होणारी वाढ. व्याप्ती तेवढीच राहूनही ती होऊ शकते.

अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथातही वेळ, खर्च व साधने यांत फेरफार न करता होणारी अनियंत्रित वाढ, याच अर्थाने ही संज्ञा वापरली आहे.

कारणे

व्याप्तीवाढीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे व्याप्तीचे संदिग्ध वर्णन. ‘अहवालांची सोय असावी’ असे करारात लिहिलेले असल्यास मालकाला त्यात वीस अहवाल अभिप्रेत असतात आणि कंत्राटदाराला चार. दोघेही प्रामाणिक असले, तरी वाद अटळ ठरतो. काय करायचे आहे याची यादी सहसा दिली जाते, पण काय करायचे नाही याची यादी नसते. त्यामुळे न लिहिलेली प्रत्येक बाब गृहीत धरली जाते.

दुसरे कारण म्हणजे संबंधितांना उशिरा विचारणे. ज्यांना प्रत्यक्ष यंत्रणा वापरायची आहे, ते संकल्पनाच्या वेळी बैठकीत नसतात. तयार होत आलेली वस्तू त्यांच्या समोर येते तेव्हा त्यांच्या रास्त गरजा ‘नव्या मागण्या’ म्हणून पुढे येतात.

तिसरे कारण संघटनात्मक आहे. बदल मान्य करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे ठरलेले नसल्यास वरिष्ठ अधिकारी, विक्री विभाग किंवा ग्राहकाचा प्रतिनिधी थेट काम करणाऱ्यांना तोंडी सूचना देतात. नकार देणे व्यवहारात अवघड असते आणि ‘एवढेसेच तर आहे’ म्हणून सूचना अमलात येते.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) या ग्रंथात आणखी एक कारण सांगितले आहे. पहिली प्रणाली करताना संकल्पक संयम राखतो आणि सुचलेल्या अनेक कल्पना बाजूला ठेवतो. दुसऱ्या प्रणालीत त्या सर्व घालण्याचा मोह होतो. त्यांनी याला ‘दुसऱ्या प्रणालीचा परिणाम’ असे नाव दिले.

परिणाम

प्रत्येक मागणीचा खर्च स्वतंत्रपणे पाहिल्यास लहान वाटतो, परंतु घटकांमधील परस्परसंबंध घटकांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढतात. १० घटकांत प्रत्येकी दोघांच्या ४५ जोड्या होतात, तर १५ घटकांत १०५. म्हणजे घटक दीडपट झाले, तर तपासाव्या लागणाऱ्या जोड्या दुपटीहून अधिक होतात. म्हणूनच दोन दिवसांच्या बारा मागण्यांना चोवीस दिवस पुरत नाहीत.

मुदत लांबू लागली की मनुष्यबळ वाढवण्याचा उपाय सुचतो. उशीर झालेल्या संगणक प्रणालीच्या कामात माणसे वाढवल्यास ते आणखी लांबते, असे ब्रूक्स यांचे निरीक्षण आहे. नव्या माणसांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसातील संपर्काचा बोजा वाढतो.

ठरावीक रकमेच्या करारात वाढीव कामाचा भार कंत्राटदारावर आणि अखेर त्याच्या कर्मचाऱ्यांवर पडतो. रात्री उशिरापर्यंतचे काम, सुट्टीच्या दिवशीचे काम आणि चाचण्यांत केलेली काटछाट ही त्याची दृश्य रूपे होत. वेळेनुसार मोबदल्याच्या करारात हाच भार मालकावर पडतो.

हितधारक आणि त्यांच्या मागण्या

प्रकल्पावर प्रभाव टाकू शकणारी किंवा प्रकल्पाचा परिणाम सोसणारी व्यक्ती, गट अथवा संस्था म्हणजे हितधारक. एडवर्ड फ्रीमन यांच्या १९८४ सालच्या ग्रंथानंतर ही संकल्पना व्यवस्थापनशास्त्रात रूढ झाली. हितधारकांत पैसा देणारे, वापरणारे, देखभाल करणारे, परवानगी देणारे आणि प्रकल्पामुळे बाधित होणारे अशा सर्वांचा समावेश होतो.

हितधारकांची विभागणी बहुधा त्यांचा अधिकार आणि त्यांचे स्वारस्य या दोन निकषांवर केली जाते. अधिकार व स्वारस्य दोन्ही अधिक असलेल्यांशी सतत संवाद ठेवावा, अधिकार अधिक पण स्वारस्य कमी असलेल्यांना समाधानी ठेवावे, स्वारस्य अधिक पण अधिकार कमी असलेल्यांना माहिती देत राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. या विभागणीचा धोका असा, की ज्यांच्या हाती अधिकार नाही त्यांची गरज कितीही खरी असली, तरी तिचे स्थान यादीत खाली जाते.

नियंत्रणाच्या पद्धती

व्याप्तीचे निवेदन : काम सुरू होण्यापूर्वी अपेक्षित फलिते, स्वीकाराचे निकष, गृहीतके आणि व्याप्तीबाहेरील बाबी लेखी नोंदवतात. त्यावर सर्व प्रमुख हितधारकांची संमती घेतली जाते.

कार्यविभाजन रचना : संपूर्ण काम टप्प्याटप्प्याने लहान भागांत विभागले जाते. एखादे काम या रचनेत नसेल, तर ते प्रकल्पात नाही असे मानतात.

बदलविनंती : प्रत्येक मागणीला क्रमांक दिला जातो. मागणी कोणी केली, का केली आणि तिचा मुदत, खर्च, दर्जा व धोके यांवर काय परिणाम होईल, हे नोंदले जाते. भारतातील संगणक उद्योगात अशा विनंतीला ‘सीआर’ म्हणतात. विनंती मान्य, अमान्य किंवा पुढील टप्प्यासाठी राखीव ठेवली जाते. मान्य झाल्यास आधाररेखा बदलली जाते. नकाराचीही कारणासह नोंद ठेवतात, म्हणजे तीच मागणी दुसऱ्या मार्गाने परत आल्यास चर्चा पुन्हा आरंभापासून करावी लागत नाही.

बदल नियंत्रण मंडळ : मोठ्या प्रकल्पात विनंत्यांवर निर्णय घेण्यासाठी मालक, कंत्राटदार व वापरकर्ते यांच्या प्रतिनिधींचे मंडळ असते. लहान प्रकल्पात हे काम एका जबाबदार व्यक्तीकडे असते. कोणत्या रकमेपर्यंत कोणी निर्णय घ्यावा, याची मर्यादा आधीच ठरवली जाते.

अदलाबदल : मुदत आणि निधी वाढवणे शक्य नसल्यास नव्या मागणीच्या बदल्यात तेवढेच दुसरे काम वगळण्याचा पर्याय हितधारकापुढे ठेवतात. त्यामुळे निवड कोणती करायची याची जबाबदारी मागणी करणाऱ्याकडेही जाते.

अग्रक्रम : मागण्यांची ‘असलीच पाहिजे’, ‘असावी’, ‘असल्यास बरी’ आणि ‘या वेळी नको’ अशी चार गटांत विभागणी करण्याची पद्धत डाय क्लेग यांनी १९९४ साली मांडली. ती ‘मॉस्को’ या नावाने ओळखली जाते. या नावाचा रशियाच्या राजधानीशी संबंध नाही. ते चार गटांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे.

गोठवण्याची तारीख : ठरावीक तारखेनंतर संकल्पनात बदल स्वीकारले जाणार नाहीत, असे जाहीर केले जाते. ही तारीख पाळण्याचा अधिकार आणि निश्चय मालकाकडे नसेल, तर ती कागदावरच राहते.

उदाहरणे

डेन्व्हर विमानतळाची सामान-वहन यंत्रणा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर आंतरराष्ट्रीय विमानतळ ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी सुरू व्हायचा होता. प्रत्यक्षात तो २८ फेब्रुवारी १९९५ रोजी, म्हणजे १६ महिने उशिरा सुरू झाला. प्रवाशांचे सामान वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा वेळेत पूर्ण न होणे हे या विलंबाचे प्रमुख कारण होते.

आरंभी प्रत्येक विमान कंपनीने आपापल्या सामानाची व्यवस्था करावी, असे गृहीत होते. युनायटेड एअरलाइन्सने आपल्या ‘बी’ कक्षासाठी बीएई ऑटोमेटेड सिस्टिम्स या कंपनीशी बोलणी केली होती. नंतर शहर प्रशासनाने संपूर्ण विमानतळासाठी एकच एकात्मिक यंत्रणा उभारण्याचे ठरवले. या यंत्रणेत संगणकाच्या नियंत्रणाखाली रुळांवरून धावणाऱ्या हजारो छोट्या गाड्या सामान वाहून नेणार होत्या. निविदेच्या वेळी कोणत्याही कंपनीने काम वेळेत पूर्ण होईल असा प्रस्ताव दिला नव्हता. म्युनिक विमानतळावरील तुलनेने साध्या यंत्रणेला दोन वर्षे आणि त्यानंतर सहा महिने अहोरात्र चाचणी लागल्याचा अनुभवही उपलब्ध होता. तरीही १९९२ साली बीएईला हे काम देण्यात आले.

करारात बदल गोठवण्याच्या तारखा होत्या. मात्र मूळ बोलण्यांत विमान कंपन्या सहभागी नव्हत्या. त्या नंतर पुढे आल्या, तेव्हा बर्फावरील घसरखेळाचे लांबट सामान, मोठ्या आकाराच्या वस्तू आणि मार्गांची फेररचना अशा मागण्या झाल्या. युनायटेडने खर्च वाचवण्यासाठी आपल्या कक्षातील दुहेरी मार्गाऐवजी एकच मार्ग ठेवण्यास सांगितले, त्यामुळे काम कमी होण्याऐवजी संकल्पन पुन्हा करावे लागले. ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रकल्पाचे मुख्य अभियंता वॉल्टर स्लिंगर यांचे निधन झाले आणि निर्णय घेऊ शकणारे प्रमुख केंद्र नाहीसे झाले.

एप्रिल १९९४ मध्ये पत्रकारांसमोर यंत्रणा चालवून दाखवण्यात आली, तेव्हा बॅगा फाटल्या, उघडल्या आणि रुळांवर विखुरल्या. पर्याय म्हणून पारंपरिक पद्धतीची दुसरी यंत्रणा उभारावी लागली. विलंबाच्या काळात शहराला दररोज दहा लाख डॉलरहून अधिक खर्च सोसावा लागत होता. अखेर स्वयंचलित यंत्रणा मुख्यत्वे युनायटेडच्या बाहेर जाणाऱ्या सामानापुरती वापरली गेली. देखभालीचा खर्च परवडत नसल्याने २००५ साली तीही बंद करण्यात आली.

सिडनी ऑपेरा हाउस

ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाउसची रचना डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उट्झन यांची असून, त्यांची निवड १९५७ सालच्या स्पर्धेतून झाली. न्यू साउथ वेल्स राज्य सरकारच्या आग्रहामुळे संकल्पचित्रे पूर्ण होण्यापूर्वीच मार्च १९५९ मध्ये काम सुरू झाले. छताची रचना निश्चित झाली तेव्हा आधी बांधलेले खांब तिचा भार पेलण्यास अपुरे ठरले आणि पुन्हा बांधावे लागले. १९६६ साली सरकारशी मतभेद झाल्याने उट्झन यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या आग्रहावरून संगीतिका व वाद्यवृंद या दोन्हींसाठी नियोजित असलेले मोठे सभागृह केवळ वाद्यवृंदासाठी ठेवण्यात आले आणि तेथील रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकावी लागली.

सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा मूळ अंदाज अखेर १० कोटी २० लाखांवर गेला. १९६३ साली पूर्ण व्हावयाच्या या वास्तूचे उद्घाटन २० ऑक्टोबर १९७३ रोजी झाले. २००७ साली युनेस्कोने तिचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. अंदाजपत्रकाच्या निकषावर अयशस्वी ठरलेला प्रकल्प अन्य निकषांवर यशस्वी ठरू शकतो, याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख होतो.

भारतातील शासकीय कामे

भारतात शासकीय बांधकामासाठी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निधीची तरतूद असे टप्पे आहेत. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार काम चालू असताना मूळ मंजुरीत नसलेली भर आवश्यक वाटल्यास तिच्यासाठी पूरक अंदाजपत्रक करावे लागते. मंजूर अंदाजपत्रकात झालेली बचतही विशेष अधिकाराशिवाय मूळ प्रकल्पाबाहेरील कामासाठी वापरता येत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारातील १२ वे कलम कामातील विचलन आणि त्याचे दर यांविषयी आहे.

महाराष्ट्रात मंजूर किमतीत वाढ झाल्यास ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घेतली जाते. शासकीय व्यवहारात तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. जलसंपदा विभागाच्या प्रस्तावांत वाढीची विभागणी दरसूचीतील वाढ, भूसंपादनाच्या किमतीतील वाढ, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील बदल, अपुऱ्या तरतुदी अशा शीर्षकांखाली केली जाते. या विभागणीमुळे महागाईने झालेली वाढ आणि कामच वाढल्याने झालेली वाढ वेगवेगळी दिसते.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली सुमारे ३७२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली होती. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. पुढील सुधारित मान्यतांमध्ये ही किंमत १८,००० कोटी रुपयांच्या पुढे गेली. ही सर्व वाढ व्याप्तीतील नाही. दीर्घ विलंबामुळे वाढलेले दर, भूसंपादन आणि पुनर्वसन यांचा तिच्यात मोठा वाटा आहे. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या चौकशीसाठी डिसेंबर २०१२ मध्ये माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमण्यात आले. त्याचा अहवाल २०१४ साली सादर झाला.

कायदेशीर बाजू

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार उभय पक्षांच्या संमतीने करारात बदल करता येतो. तोंडी सांगण्यावरून केलेल्या कामाच्या मोबदल्याचा प्रश्न बहुधा कलम ७० खाली उद्भवतो. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे आणि फुकट करण्याचा हेतू नसताना काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यावर भरपाईचे दायित्व येते, असे हे कलम सांगते.

पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली या कलमाचा आधार घेतला. १९४४ साली कंत्राटदाराने आरामबाग येथे नागरी पुरवठा खात्यासाठी तात्पुरती गोदामे बांधली. त्याच ओघात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर अशी कामेही केली. कायद्याने आवश्यक असलेल्या नमुन्यात करार झालेला नव्हता, तरी शासनाने कामाचा उपयोग करून घेतल्याने कंत्राटदाराला भरपाई देय ठरली. मात्र ज्या बाबीविषयी करारात स्पष्ट अट आहे, तेथे ती अटच लागू होते. त्यामुळे वाढीव कामाची लेखी सूचना घेणे हाच कंत्राटदारासाठी सुरक्षित मार्ग मानला जातो.

अजाइल पद्धती

२००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अजाइल जाहीरनाम्याने बदलाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी मांडली. त्याच्या तत्त्वांनुसार उशिरा आलेल्या बदलांचेही स्वागत करावे. याचा अर्थ नियंत्रण नसावे असा होत नाही. स्क्रम या पद्धतीत सर्व मागण्यांची एकच क्रमवार यादी असते आणि तिचा क्रम ठरवण्याचा अधिकार ‘प्रॉडक्ट ओनर’ या एकाच व्यक्तीकडे असतो. काम जास्तीत जास्त एक महिन्याच्या आवर्तनांत होते आणि चालू आवर्तनाच्या उद्दिष्टाला बाधा आणणारे बदल त्या काळात केले जात नाहीत. येथे मुदत व मनुष्यबळ स्थिर असतात आणि व्याप्ती बदलती असते. यादीच्या तळाशी असलेली कामे राहून जाऊ शकतात, हे हितधारकांना आधीच मान्य असावे लागते.

मतभेद

बदलांवरील कडक नियंत्रणामुळे नको असलेली वस्तू वेळेत तयार होते, अशी टीका केली जाते. प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी अर्ज आणि बैठक लागू लागली, तर वापरकर्ते मागणी करणेच सोडून देतात आणि प्रणाली वापरात येत नाही. निविदा कमी दराने भरून पुढे बदलविनंत्यांतून नफा मिळवण्याचा आरोपही कंत्राटदारांवर होतो.

दुसरा आक्षेप ‘व्याप्ती’ ठरवण्याच्या अधिकाराविषयी आहे. धरणाच्या मूळ अंदाजपत्रकात विस्थापितांच्या पुनर्वसनाची पुरेशी तरतूद नसेल, तर नंतरची तरतूद कागदोपत्री वाढ म्हणून दिसते. वस्तुतः ते काम पहिल्या दिवसापासून प्रकल्पाचा भाग होते आणि अंदाजपत्रकातून वगळले गेले होते. अशा बाबीला व्याप्तीवाढ म्हटल्यास मूळ त्रुटीची जबाबदारी मागणी करणाऱ्यांवर ढकलली जाते. म्हणून एखादी मागणी नवी आहे की आधीच विचारात घ्यायला हवी होती, हा प्रश्न तिच्या खर्चाच्या आधी सोडवावा, असे मत मांडले जाते.

हेही पहा

- प्रकल्प व्यवस्थापन
- अंदाजपत्रक
- निविदा
- भारतीय करार अधिनियम, १८७२
- गोसीखुर्द धरण
- सिडनी ऑपेरा हाउस